हजर की हाजिर

रोज सकाळी वडिलांची खुशाली विचारायचं काम मी एका मशीनला देऊन टाकलं होतं. तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं, आणि नातेवाइकांत मी ते मिरवलंही होतं.

मशीन म्हणजे लोखंडाचं नव्हे. पोलादाच्या कारखान्यामुळे भिलाईत मशीन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी तेच येतं, म्हणून सांगते. इंटरनेटवर अशा सेवा असतात, त्यांना एकदा सांगून ठेवायचं की अमुक झालं तर तमुक कर. मग ती सेवा ते काम न कंटाळता, न विसरता करत राहते. स्मृती नगरातल्या घरी मागच्या खोलीत बसून मी लोकांना हेच जुळवून देते. दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटला आदल्या दिवशी आठवण जाते, साडीच्या दुकानातून ‘तुमचं पार्सल निघालं’ जातं, शिकवणीच्या क्लासमधून दांडी मारणाऱ्यांच्या घरी निरोप जातो. ज्या कामाला डोकं लागत नाही ते माणसाने करूच नये, असं मी गिऱ्हाइकांना ऐटीत सांगत असे.

त्यात मी जात्याच काळजीखोर. गॅस बंद केला की नाही ते बघायला वळणावरून परत येणारी. माझा नवरा म्हणतो, "तुले काळजी करायले काही नसलं का तू त्याचीच काळजी करते." त्यामुळे जे काम माझ्या हातून निसटू शकतं ते मशीनकडे दिलं की मला तेवढाच घास गोड लागतो.

बाबा भिलाईतच, पण कोहक्याला एकटे राहतात. आई गेल्यावर मी खूप मागे लागले, आमच्याकडे या म्हणून. पण ते कोहका सोडायला तयार नाहीत. शेजारी त्यांचा जुना दोस्त राहतो. दोघांनी कुम्हारीच्या एका छोट्या कारखान्यात एकाच पाळीत उमर काढली. तो छत्तीसगढी, आम्ही भंडाऱ्याकडचे. बाबा दोस्ताशी छत्तीसगढी बोलतात, गल्लीशी हिंदी, आणि माझ्याशी मात्र मराठीच. शाळेत असताना मी घरात हिंदी बोलले की ते ऐकू न आल्यासारखं करायचे. पाणी हवं असलं तरी मराठीत मागावं लागायचं.

बाबांना शुगर आहे. सकाळी पोटावर सुई घ्यायची आणि लगेच खायचं, हा नेम. सुई घेतली आणि खाणं राहिलं की साखर एकदम खाली येते. एका हिवाळ्यात तसंच झालं. दोस्त पेपर मागायला आला तेव्हा बाबा स्वयंपाकघरात फरशीवर पडलेले होते. त्याने तोंडात साखर घातली, म्हणून वाचले. मी पोचले तोवर ते उठून बसले होते आणि सांडलेलं पीठ गोळा करत होते. मला त्यांच्यापेक्षा ती फरशीच जास्त आठवते. पांढरी, काळे ठिपके असलेली.

तेव्हापासून मी रोज सकाळी सात वाजता फोन करायचे.

"सुई घेतली?"

"हाव."

"खाल्लं?"

"पोहे खाल्ले."

"ठेवू?"

"ठेव बापा."

एवढंच बोलणं. पण ते होईपर्यंत माझा जीव टांगणीला. पहिली रिंग वाजली की फरशी दिसायची, दुसऱ्या रिंगला काळे ठिपके. बाबांच्या लेखी मोबाइल ही घरात ठेवायची वस्तू, फळीवर, चार्जरला टांगलेली. त्यामुळे ते अंगणात असले की तिथून आत येईपर्यंत रिंग वाजतच राहायची. मग त्यांचा "हाव" आला की मला भयंकर राग यायचा, इतका वेळ कुठे होते म्हणून. त्या रागात मी फोन आणखीच लवकर ठेवायचे.

एक दिवस दातांच्या डॉक्टरांची आठवणीची जोडणी तपासताना डोक्यात आलं, अरे, हे तर बाबांसाठीही करता येईल. रोज तेच प्रश्न, तीच उत्तरं. याला माझं डोकं कुठे लागतं?

अर्ध्या दिवसात जुळवलंसुद्धा. सकाळी सातला मेसेज जाणार: ‘बाबा, सुई घेतली? नाश्ता झाला?’ बाबांचं उत्तर आलं की माझ्या फोनवर हिरवी खूण. अर्ध्या तासात उत्तर नाही आलं तर माझा फोन असा बोंबलणार की शेजारीही उठावेत. आणि कोरडं वाटू नये म्हणून, बाबांकडून काही आलं की लगेच उलट जाणार: ‘छान बाबा! दिवस आनंदात जावो.’ शेवटी एक गुलाबाचं फूल. ते फूल निवडायला मी बराच वेळ घालवला होता.

दाखवायला गेले तेव्हा सांगितलं, "उत्तर म्हणून नुसता एक आकडा दाबा, बाबा. एक."

"एक कायले? हजर लिहितो नं."

मग कारखान्याची गोष्ट निघाली. पाळी सुरू होताना फाटकावर मुकादम नावं पुकारायचा आणि ‘हजर’ म्हणून ओ द्यायची. बाबांना उशीर होणार असला की दोस्त आवाज बदलून त्यांची ओ द्यायचा. फक्त त्याच्या तोंडी मराठी बसेना, तो ‘हाजिर’ म्हणायचा. "मुकादमले समजे," बाबा हसत म्हणाले, "पण तोबी खाडा नाई मांडे." ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. माझं लक्ष फोनवर होतं, मशीनमध्ये ‘एक’च्या जागी ‘हजर’ बसवण्यात.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. सात वाजून गेले की टिंग, हिरवी खूण. ना रिंग, ना फरशी. मी चहा गरम असताना प्यायला लागले. पुढे एकदा बाबांचं बोट चुकलं आणि ‘हजर’च्या जागी ‘हजार’ आलं. मशीनने ते धरलं नाही, फोन बोंबलला, आणि मी गाऊनवर ओढणी टाकून स्कूटरने कोहका गाठलं. बाबा ओट्यावर बसून चहात टोस्ट बुडवत होते.

"काय झालं वो?"

"तुमी हजार लिहिलं!"

"मंग एकापेक्षा जास्तच हाजरी लावली नं."

घरी येऊन मी मशीनला जितके चुकीचे शब्द सुचले तितके सगळे चालतील असं सांगून टाकलं. हजार, हाजर, हजेर, हाजिर. कुठेही फट राहू नये म्हणून. तरी फोन बोंबलायचाच. कधी नेटवर्क नाही, कधी लाइट नाही, कधी बाबा अंघोळीला. प्रत्येक वेळी मी स्कूटर काढायचे. गल्लीतल्या बायका फाटकात उभ्या राहून बघायच्या. बाबांना त्याची फार शरम वाटायची. "गल्लीत तमाशा होऊन राहिला माह्या," ते म्हणायचे, "लोकाइले वाटते मी रोज मरून राहिलो."

आणि माझी काळजी? ती कमी व्हायच्या ऐवजी जागा बदलून बसली. आता मला मशीनची काळजी लागली. ते बंद पडलं तर? म्हणून मशीन चालू आहे का हे बघायला मी दुसरं मशीन लावलं. नवऱ्याने हात जोडले. या सगळ्या धावपळीत बाबांना फोन करायचं मात्र माझं राहूनच गेलं. ठरवून नाही. हिरवी खूण दिसली की सकाळचं कारण संपायचं, आणि संध्याकाळी फोन करायची आम्हाला सवयच नव्हती.

त्या दिवशीही खूण हिरवीच आली. मी डबा भरला, नवऱ्याला चहा दिला, आणि सहज, काही कारण नसताना, बाबांचं उत्तर उघडून बघितलं. एरवी मी नुसती खूण बघते, शब्द बघत नाही.

‘हाजिर’ लिहिलं होतं.

मी तशीच उठले. नवऱ्यापुढे फोन धरला, "हे पाहा."

"हिरवं आलं नं? मग काय प्रॉब्लेम है? कीबोर्ड ने कर दिया होगा."

"बाबा मले हाजिर लिहिणार नाई."

"अरे, तूच तर तो शब्द डालके ठेवला होता."

तेही खरंच होतं. पण बाबांचं बोट चुकलं तर ‘हजार’ होईल, ‘हजेर’ होईल. हिंदी होणार नाही, माझ्याशी तरी नाही. हे नवऱ्याला कसं समजावून सांगू ते मला कळेना. मी फोन लावला. किती तरी दिवसांनी मी ती रिंग ऐकत होते, आणि फरशी जशीच्या तशी दिसली. रिंग संपली. पुन्हा लावला. पुन्हा संपली. हिरवी खूण मात्र स्क्रीनवर छान चमकत होती. मी किल्ली घेतली.

कोहक्याला दाराला कुलूप. मी दार वाजवत सुटले, कुलूप दिसत असूनही. तेवढ्यात शेजारून बाबांचा दोस्त बाहेर आला, बनियनवर. त्याच्या हातात बाबांचा फोन होता.

"नोनी," तो म्हणाला. मला तो लहानपणापासून नोनी म्हणतो, म्हणजे पोरगी. "तोर बाबू तो बिहनिया ले खून जांच कराए गे हे." पहाटेच रक्त तपासायला गेलेत म्हणाला. फोन त्याच्याकडे ठेवला होता. सांगून गेले की सातला मेसेज आला की हजर लिही, नाहीतर नोनी धावत येते आणि तमाशा होतो.

"मी फोन केला नं काका, उठाया क्यों नहीं?"

"फोन उठाए बर तो नइ कहे रिहिस." फोन उचलायला सांगितलं नव्हतं. त्याला लिहायला सांगितलं होतं, त्याने लिहिलं. कारखान्यातही तो बाबांची ओ द्यायचा, त्यांचं काम कुठे करायचा?

तेव्हा मला एकच गोष्ट सुचली. "उपाशी गेले का?"

उपाशीच, तो म्हणाला. रक्त उपाशी पोटी द्यायचं असतं.

"और सुई?"

सुई तर घेतली, रोजच्यासारखी. त्याच्यासमोरच घेतली.

मला पुढचं नीट आठवत नाही. कोणती लॅब ते त्याला माहीत नव्हतं. रक्त तपासायच्या जागा आता गल्लोगल्ली झाल्या आहेत. पहिल्या ठिकाणी शटर अर्धं उघडं होतं, आत एक माणूस झाडू मारत होता, म्हणाला, अजून कोणी आलं नाही. मी स्कूटर वळवताना घसरले, उठले, पुन्हा चालू केली. सुई घेऊन किती वेळ झाला असेल याचा हिशोब डोक्यात चालू होता आणि तो हिशोब मला करायचा नव्हता. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर तोंडात ‘हजर, हजर’ येत होतं.

दुसऱ्या ठिकाणी बाकड्याच्या कडेला बाबा बसले होते. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, चेहरा पिठासारखा. एक अनोळखी बाई त्यांच्या पाठीला हात लावून उभी होती आणि लॅबमधली मुलगी ग्लासातून साखरेचं पाणी पाजत होती. बाबांचे हात इतके थरथरत होते की ग्लास त्यांना धरवत नव्हता. मी गुडघे टेकून त्यांच्यासमोर बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळखायला त्यांना जरा वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

दोन बिस्किटं खाल्ल्यावर त्यांना बोलता आलं.

"तू कशी काय आली? हाजरी नाई लागली का?"

"लागली."

"मंग?"

"हाजिर लागली, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. "त्या बुढ्याले सांगतलं होतं, ह, ज, र. तीन अक्षरं फक्त."

मग मात्र माझा तोल गेला. लॅबभर लोक बसले होते, मी भांडले. उपाशी जायचं होतं तर सुई कावून घेतली? डॉक्टरने कितीदा सांगितलं आहे? मले विचारायचं तरी! एवढं साधं नाही समजत तुमाले? बोलता बोलता मी रडायला लागले आणि रडता रडता बोलतच राहिले. त्या अनोळखी बाईने आता माझ्या पाठीला हात लावला.

बाबा शांतपणे म्हणाले, "विचारलं होतं तुले."

"कधी?"

"काल. फोनात पाह्य."

दोस्ताने दिलेला त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये होता. मी उघडला. आदल्या संध्याकाळी बाबांनी त्याच ठिकाणी, जिथे रोज हजर लिहायचे तिथेच, लिहिलं होतं. एकेक अक्षर शोधून टाइप केलेलं, मध्ये जागा सुटलेल्या. ‘उद्या उपाशी पोटी रक्त द्याच आहे. सुई घेऊ का नको.’

त्याच्या खाली लगेच उत्तर होतं. ‘छान बाबा! दिवस आनंदात जावो.’ आणि गुलाबाचं फूल.

"छान म्हणलं तून," बाबा म्हणाले. "म्हणून घेतली."

"ते मी नव्हतं, बाबा. ते मशीन आहे."

"नाव तं तुह्यं येते त्यावर."

मी तो फोन हातात धरून बसले. ते वाक्य माझंच होतं, एकदा लिहून ठेवलेलं, आणि त्याने बाबांनी काय विचारलं ते वाचलंही नव्हतं. वाचायला मी त्याला सांगितलंच नव्हतं, आणि सकाळच्या उत्तराशिवाय काही माझ्यापर्यंत पोचवायलाही नाही. मला त्या फुलाची इतकी किळस आली की आजही कोणी शुभ सकाळ म्हणून गुलाब पाठवला तर मी फोन पालथा ठेवते.

लॅबवाल्या मुलीने सांगितलं, आता खाणं झालं, त्यामुळे आजची तपासणी होणार नाही. बाबांना त्याचंच वाईट वाटलं. घरी नेताना ते स्कूटरवर मागे बसले होते, खांद्यावर त्यांचा हात. हात अजून गार होता. मी संपूर्ण रस्ता स्कूटर सावकाश चालवली. दोस्त फाटकातच उभा होता. बाबांनी उतरल्या उतरल्या त्याला छत्तीसगढीत अशी काही शिवी हासडली की मला त्यांचा रंग परतल्याची खात्री झाली.

त्याच दिवशी मी ती जोडणी काढून टाकली. सेवेने विचारलं, नक्की काढायचं? मी म्हटलं, हो. तिने उलट ‘छान’ म्हटलं नाही, हेच नशीब. दातांचे डॉक्टर आणि साडीचं दुकान अजून चालू आहेत, त्यांचं काही बिघडलं नाही. फक्त प्रत्येक जोडणीत मी आता एक सुधारणा केली आहे. समोरून प्रश्न आला तर मशीनने गप्प बसायचं आणि माणसाला हाक मारायची.

दुसऱ्या दिवसापासून सातला मी स्वतः फोन लावू लागले. आणि बाबांनी नवीनच खेळ सुरू केला. फोन काही केल्या लवकर उचलेनात. पहिली रिंग, दुसरी, तिसरी. फरशी, ठिपके, सगळं परत आलं. अगदी शेवटची रिंग संपता संपता "हाव" यायचा. मला वाटलं, चालायला वेळ लागत असेल, अशक्तपणा असेल, कानाला कमी येत असेल. डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. त्याच्या आधी एक दिवस न सांगता सकाळीच जाऊन खिडकीतून बघितलं आणि तिथूनच फोन लावला.

बाबा फळीजवळ खुर्ची टाकून बसले होते. फोन त्यांच्या हातात होता. तो वाजत होता आणि ते त्याच्याकडे बघत बसले होते.

मी दार ढकलून आत गेले. "बाबा! इकडे माझा जीव जाऊन राहिला अन् तुमी बसून पाहून राहिले?"

ते जरासे ओशाळले, पण फार नाही. "पयल्या रिंगले उचललं का तू दोन मिनिटात ठेवून देते," ते म्हणाले. "घाबरली का मंग बोलते."

मी खूप चिडले. चांगली ओरडले, शेजारी ऐकू जाईल इतकी. ते ऐकून घेत राहिले. मग त्यांनी विचारलं, आज डब्याला कोणती भाजी केली, आणि मी सांगत बसले.